दोन दिवस कमी

त्याच्या खात्यावर मेजर लीगचे, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल लीगचे, ४१ दिवस जमा होते. पेन्शनचा हक्क मिळायला ४३ लागतात. आमच्या ट्रिपल-ए संघात, म्हणजे तिच्या एक पायरी खाली, कपडे धुणाऱ्या पोरालासुद्धा हा हिशेब पाठ होता.

मी त्या संघाची फिजिओ. पुण्यात शिकले, पुढे अमेरिकेत आले आणि बेसबॉलवाल्यांचे खांदे-कोपर सांभाळू लागले. हा तेहतीस वर्षांचा रिलीफ पिचर, बदली गोलंदाज म्हणा. पहिला पिचर थकला की बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर हात गरम करतात तिथून, येऊन सामन्याच्या नऊ इनिंगपैकी एखादी टाकायची, पण त्या एका इनिंगसाठी हात रोज तयार ठेवायचा. अकरा वर्षांत सात क्लब झाले. वर कुणी जखमी झालं की याला बोलावणं यायचं, आणि तो माणूस बरा झाला की याचं नाव यादीतून बाहेर. मग सात दिवसांत क्लबने त्याला दुसऱ्या कुणाला द्यायचं, खाली पाठवायचं, नाहीतर सोडून द्यायचं. खोलीवर त्याची बॅग कधी पूर्ण रिकामी झालेली मी ऐकली नाही.

२०२४ चा उन्हाळा, गुरुवार. दुपारी तो टेबलावर झोपला. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला मी बोट दाबलं आणि त्याने श्वास रोखला.

"झोपेत हात दबला असेल," तो म्हणाला.

तिथेच चोवीसाव्या वर्षीच्या टॉमी जॉन शस्त्रक्रियेचा व्रण होता. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातल्या फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी त्याच्याच शरीरातला स्नायुरज्जू बसवला, तेव्हापासून हे नाव पडलं. परत चेंडू टाकायला वर्षाच्या वर जातं. तेहतिशीच्या रिलीफवाल्यासाठी एवढं कोण थांबणार?

"आज अहवालात लिहू नकोस. आज वरून फोन येणार आहे."

तो का विनवतोय ते मला कळत होतं. वर गेल्यावर दुखापत झाली तर मेजर लीगच्या जखमींच्या यादीत नाव लागतं, दिवस मोजले जातात, पगारही तिथला. त्या वर्षी किमान पगार ७,४०,००० डॉलर होता, दिवसाच्या हिशेबाने मिळणारा. खाली झाली तर उपचार होतात, पण दिवस एकही मिळत नाही. दोन दिवस फक्त. एक इनिंग टाकून तो थांबलाही असता.

आणि त्या इनिंगमध्ये उरलेला धागाही तुटला असता.

मी हाताची पकड मोजली. मागच्या आठवड्यापेक्षा बरीच कमी भरली. "मी लिहिणार आहे," असं त्याला आधी सांगितलं, मग लिहिलं. तो काही बोलला नाही. बाही खाली ओढली आणि गेला.

फोन सहाव्या इनिंगमध्ये आला. चोवीस वर्षांचा एक डावखुरा वर गेला. त्याची बॅग भरायला हाच बसला होता. तिथला बुलपेन कोच चेंडू कसा मागतो, विमानात झोप कुठे लागते, सगळं सांगत होता.

सोमवारी एमआरआय झाला. अस्थिबंधाला अर्धी चीर. मी योग्य तेच केलं, हे मला माहीत आहे. तरी ते दोन दिवस अजून मला डाचतात.

तो डावखुरा पोरगा एकदाही मैदानात न उतरता परत आला. दोनच दिवसांनी.