जपानी नातेशब्द : नातं कुणाचं, समोर कोण, बोलतंय कोण

जपानीतल्या नातेशब्दांचा टप्पा आता चांगला हातात आलाय, म्हणून ही सविस्तर नोंद. एन-फाइव्हच्या, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेतल्या सगळ्यात सोप्या पातळीच्या, शब्दयादीत हे शब्द अगदी सुरुवातीला भेटतात, आणि बहुतेक जण ते घोकून पुढे सरकतात. मी यावेळी मुद्दाम रेंगाळले. यादी पाठ होते, पण शब्द तोंडात बसायला तीन प्रश्न लागतात : नातं कुणाचं, समोर कोण आहे आणि बोलणं घरातल्या कुणाच्या जागेवरून चाललंय. आधी एक खुलासा. खाली जिथे ऽ आहे तिथे आधीचा स्वर एक मात्रा लांबवायचा. माझ्या वहीतही मी असंच लिहिते, कारण जपानी लांब ‘आ’, ‘ए’ आणि ‘ओ’साठी देवनागरीत याहून सोयीचं काही मिळालं नाही.

वहीची समोरासमोरची दोन पानं घेतली. डावं पान माझ्या घराचं, उजवं शेजाऱ्यांचं. डावीकडे चिचि, हाहा, आनि, आने, ओतोऽतो, इमोऽतो, सोफु, सोबो. म्हणजे वडील, आई, मोठा भाऊ, मोठी बहीण, धाकटा, धाकटी, आजोबा, आजी. उजवीकडे तीच माणसं ओतोऽसान, ओकाऽसान, ओनीसान, ओनेऽसान, ओतोऽतो-सान, इमोऽतो-सान, ओजीसान, ओबाऽसान अशी येतात. आईवडील मिळून माझे असतील तर ऱ्योऽशिन, तुमचे असतील तर गोऱ्योऽशिन. डावं पान उघडंबोडकं आणि उजवं पान ‘ओ’, ‘गो’, ‘सान’ लावून सजलेलं, एवढं डोळ्यांत भरलं तरी निम्मं काम होतं.

मराठी माणसाला इथे थोडं अडखळायला होतं, कारण आपली सवय नेमकी उलटी. पाहुण्यांसमोर आपण आपल्याच वडिलांना आदरार्थी बहुवचन लावतो : बाबा आलेत, बाबा जेवतायत. जपानीत परक्यासमोर आपलं माणूस साधं ठेवायचं आणि मान समोरच्याच्या माणसाला द्यायचा. ‘हाहा वा गेन्कि देसु’, माझी आई बरी आहे. ‘ओकाऽसान वा ओगेन्कि देसु का’, तुमची आई बरी आहे का. दुसऱ्या वाक्यात आईबरोबर ‘बरी’लाही ओ लागला, हे बघा. ही जोडी मी सगळ्या नात्यांवर फिरवते. वडिलांचं घ्या, मोठ्या भावाचं घ्या, आधी उत्तर आणि मग प्रश्न. घरातल्या घरात हाक मारताना मात्र आईला हाहा म्हणत नाहीत, तिथे ओकाऽसानच. म्हणजे डावं पान हे परक्यांशी घराबद्दल बोलण्यासाठीचं. आत-बाहेरचा हा हिशेब जपानीत उचि आणि सोतो या शब्दांनी ओळखला जातो आणि तो घरापुरता थांबत नाही. बाहेरच्या कंपनीचा फोन आला की आपल्या साहेबांचं नावही सान न लावता घेतात, कारण त्या क्षणी साहेब ‘आतले’ असतात.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. जपानमधल्या कुराशिकीच्या एका बाईंशी मी व्हिडिओ कॉलवर बोलते. त्या माझं जपानी ऐकतात, मी त्यांचं इंग्रजी. मागच्या कॉलला त्यांचं तान्हं रडायला लागलं. थोरला सहा वर्षांचा, तो खेळणं सोडेना. बाई त्याला म्हणाल्या, ‘ओनीचान देशो!’, दादा आहेस ना तू! (चान म्हणजे सानचं लाडकं रूप.) मग आतल्या खोलीकडे तोंड करून नवऱ्याला हाक मारली, ‘ओतोऽसान!’ सासूबाई दारात आल्या तर त्यांना म्हणाल्या, ‘ओबाऽचान, ओनेगाइ’, आजी, प्लीज, आणि बाळ त्यांच्या हातात दिलं. मग माझ्याकडे वळून, एकदम सरळ बसून, त्याच नवऱ्याबद्दल सांगायला लागल्या : ‘शुजिन गा...’, आमचे यजमान... मी विचारलं तेव्हा माझ्या तोंडी तोच माणूस गोशुजिन झाला. मिनिटाभरात एका माणसाची तीन नावं, आणि तिन्ही जागच्या जागी.

हे असं का होतं, ते भाषाशास्त्रज्ञ सुझुकी ताकाओ यांनी फार नेटकेपणाने दाखवलं आहे. जपानी घरात बोलणं सगळ्यात लहान मुलाच्या जागेवरून चालतं. त्याच्या दृष्टीने जो बाबा, तो सगळ्यांचाच ओतोऽसान. धाकटं भावंड जन्मलं की कालपर्यंत नावाने हाक येणारा थोरला आईच्या तोंडीही ओनीचान होतो. १९६९ पासून जपानी टीव्हीवर चालू असलेल्या साझाए-सान या कार्टून मालिकेत छोटा तारा-चान आपल्या शाळकरी मामाला, कात्सुओला, ‘कात्सुओ ओनीचान’ म्हणतो. नात्याने मामा असला तरी वयाने दादाच ना. हे आपल्याला नवं नाही. ‘तू दादा आहेस ना, मग दे तिला’ हे वाक्य आपल्या प्रत्येक घरात घुमलेलं आहे, आणि नातवाला ‘बाबा कुठंय रे?’ विचारणारी आजी स्वतःच्या मुलाबद्दलच विचारत असते. मोठ्यांना नात्याने आणि धाकट्यांना नावाने हाक मारायची, हाही नियम दोन्हीकडे सारखा. भावाला ‘ए ओतोऽतो’ अशी हाक कुणी मारत नाही. या एका बाबतीत मराठी बोलणाऱ्याने बिनधास्त आपल्या कानावर विसंबावं.

विसंबू नये अशी जागा म्हणजे काका-मामा. आपल्याला आईकडचं आणि वडिलांकडचं वेगळं लागतं. जपानीत काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान, सगळे ओजि. आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्या ओबा. चुलत, मामे, आते, मावस सगळी भावंडं इतोको. भाचा आणि पुतण्या दोघंही ओइ, भाची आणि पुतणी मेइ. बाजू विचारतच नाहीत. वय मात्र विचारतात, तेही कांजीत, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या चिन्हांत. आईवडिलांपेक्षा थोरल्या ओजिचं चिन्ह वेगळं, धाकट्याचं वेगळं, उच्चार दोन्हींचा एकच. थोरल्याच्या चिन्हात माणसाशेजारी ‘पांढरा’ बसलेला आहे. मी ते पिकल्या केसांवरून लक्षात ठेवते. इमोऽतोच्या चिन्हात बाईशेजारी ‘अजून नाही’ आहे, म्हणजे अजून मोठी न झालेली. (चिन्हांच्या इतिहासात हे भाग उच्चारासाठी आलेले असतात. ही फक्त आठवणीची खूण.) ज्यांना मावशीची माया एका सरसकट शब्दात घालणं जड जातं त्यांनी ‘हाहा नो इमोऽतो’, आईची धाकटी बहीण, असं खुशाल म्हणावं.

भावंडांच्या मोजणीत एक खाचखळगा आहे. ‘सान्निन क्योऽदाइ देसु’ म्हणजे आम्ही तिघं भावंडं, यात बोलणारा धरलेला असतो. ‘आनि गा हितोरि इमासु’ म्हटलं की एक मोठा भाऊ, स्वतःला सोडून. आणि शेंडेफळाला सुएक्को, एकुलत्या एकाला हितोरिक्को. हे दोन शब्द यादीत सहसा नसतात, गप्पांत मात्र लगेच लागतात.

उच्चारावर मी सगळ्यात जास्त वेळ घातला. ओबासान म्हणजे मावशी-काकू, ओबाऽसान म्हणजे आजी. ओजिसान म्हणजे काका, ओजीसान म्हणजे आजोबा. वाटेत भेटलेल्या अनोळखी बाईंनाही ओबासान म्हणतात, त्यामुळे ही मात्रा सांभाळायलाच हवी. लिहिताना आपण ऱ्हस्व-दीर्घ पाळतो, पण मराठी बोलण्यात तो फरक बऱ्याचदा पुसट असतो, म्हणून कान नव्याने लावावा लागतो. टाळी देत मोजा : ओ-बा-सा-न चार, ओ-बा-आ-सा-न पाच. शेवटच्या ‘न’ची टाळी गाळू नका. याहून मोठी मदत स्वराच्या चढउताराची. तोक्योच्या बोलीत ओबासान आणि ओजिसान हे शब्द दुसऱ्या मात्रेला वर जातात आणि शेवटपर्यंत वरच राहतात. ओबाऽसान, ओजीसानमध्ये दुसऱ्या मात्रेनंतर आवाज खाली उतरतो. ओतोऽसान, ओकाऽसान, ओनीसान, ओनेऽसान हे सगळे याच उतरत्या चालीचे. चाल पकडली की लांबी आपोआप सांभाळली जाते.

सोफुमधला ‘फु’ही घोटावा. तो आपल्या ‘फळा’तला फ नव्हे, दात ओठांवर टेकवूनही म्हणायचा नाही. दोन्ही ओठ जवळ आणून हलकी फुंकर. या फुंकरीची एक जुनी गोष्ट आहे. गो-नारा सम्राटांच्या नावावरच्या, १५१६ सालच्या कोड्यांच्या संग्रहात एक कोडं येतं : आईला दोनदा भेटतं, वडिलांना एकदाही नाही, ते काय? उत्तर : ओठ. आजच्या ‘हाहा’त ओठ भेटतच नाहीत, मग कोडं सुटतं कसं? तर त्या काळी हा शब्द ‘फाफा’च्या जवळ उच्चारला जायचा, दोन्ही अक्षरांना ओठ जवळ येत, आणि चिचि म्हणताना येत नाहीत. स्वतः आलटून पालटून म्हणून बघा. पाचशे वर्षांपूर्वीचा उच्चार असा स्वतःच्या ओठांवर तपासता येतो, याचा मला फार आनंद झाला. ओतोऽसान, ओकाऽसान तर त्यामानाने कालचे. सामुराई घरांत चिचिउए, हाहाउए म्हणत. ओतोऽसान-ओकाऽसान देशभर रुजले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सरकारी पाठ्यपुस्तकांमुळे.

सासरच्या नात्यांना बहुतेक ठिकाणी ‘गिरि नो’ जोडलं की भागतं : गिरि नो हाहा सासू, गिरि नो इमोऽतो नणंद, मेहुणी किंवा धाकटी भावजय. पण शब्दकोश चाळताना दोन रत्नं मिळाली. सख्ख्या जावा म्हणजे आइयोमे, आणि साडू म्हणजे आइमुको! रोजच्या बोलण्यात ते आता क्वचितच येतात, तरी मी वहीत ठळक लिहून ठेवलेत. नवरा-बायकोसाठी मी स्वतः ओत्तो आणि त्सुमा हीच जोडी घेतली. शुजिनमध्ये ‘मालक’ आहे, कानाइमध्ये ‘घराच्या आत’. आपल्याकडचे ‘घरधनी’ आणि ‘कुटुंब’ याच जातीचे. समोरच्याच्या नवऱ्याला गोशुजिन आणि बायकोला ओकुसान म्हणणं अजून सर्रास चालतं, तिथे मीही तेच वापरते.

सध्या फोटोवर काम चाललंय. घरातला एक जुना लग्नातला फोटो घेतलाय, त्यातल्या प्रत्येकाची ओळख आधी परक्याला करून देते, मग तीच माणसं घरातल्या लहान मुलाला दाखवल्यासारखी सांगते, आणि दोन्ही वेळा आवाज रेकॉर्ड करते. पुढच्या नोंदीत नात्यांबरोबर येणारी देण्याघेण्याची क्रियापदं घेईन : आगेरु, कुरेरु, मोराउ. तिथेही आत-बाहेर आहेच. तोवर ओसाका-कोबेकडे राहणाऱ्यांनी मला एवढं जरूर सांगा, की आईवडिलांसाठी तिकडचे ‘ओकान’ आणि ‘ओतोन’ मित्रांमध्ये सोडून आणखी कुणापुढे चालतात?