गाळातून आलेली हाडे

मे महिन्यात एका गावातील विहिरीचा गाळ काढताना यारीच्या बादलीतून माणसाची हाडे वर आली आणि पंचनामा होऊन दोन गोण्यांमधून ती आमच्या न्यायवैद्यकशास्त्र विभागात पोहोचली. सापळा जवळपास पूर्ण होता. तो प्रौढ स्त्रीचा आहे, हे कटिरावरून, म्हणजे कमरेच्या हाडांवरून, लवकर ठरले. तपास अधिकाऱ्यांचा प्रश्न एकच होता : "मॅडम, डोक्याला मार आहे का?"

कवटी दोन ठिकाणी फुटलेली होती. सगळे हाड गाळाने तपकिरी झाले असताना उजवीकडच्या भगदाडाच्या कडा पांढरट होत्या, म्हणजे तिथले हाड नुकतेच, बहुधा बादली लागून, फुटले होते. डावीकडच्या कडा मात्र बाकीच्या हाडाइतक्याच तपकिरी, गुळगुळीत आणि तिरप्या होत्या. तिथून तीन तडे बाहेर पसरले होते आणि हाडाचा एक पापुद्रा आत वाकून एका बाजूने अजून चिकटलेला होता. कोरडे हाड असे वाकत नाही, खडूसारखे तुटते. वाकण्यासाठी त्यात ओलावा आणि कोलॅजेन, म्हणजे हाडाला लवचीकपणा देणारे प्रथिन, शाबूत असावे लागते.

अहवाल लिहिताना इथे फार जपावे लागते. आमच्या शास्त्रात 'मृत्यूच्या सुमारास' याचा अर्थ एवढाच, की हाड ताजे असताना मोडले. आणि मृत्यूनंतरही ते कित्येक आठवडे ताज्यासारखेच मोडते, ओल्या गाळात तर त्याहूनही अधिक काळ. त्यामुळे ही इजा कोणी घातलेल्या घावाची, विहिरीत पडताना कपारीवर आपटल्याची, की नंतर वरून दगड ढासळल्याची, हे केवळ कवटीवरून सांगणे मला शक्य नव्हते. मी तसेच सांगितले. अधिकाऱ्यांचा चेहरा उतरला, आणि मलाही त्या दिवशी चैन पडले नाही.

दुसऱ्या दिवशी मऊ ब्रशने धुऊन वाळवलेली हाडे टेबलावर क्रमाने मांडत असताना डाव्या हाताची अल्ना, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचे करंगळीच्या बाजूचे हाड, माझ्या हाती आली. ती मधोमध मोडलेली होती. आदल्या दिवशी चिखलामुळे मी तिची गणना उत्खननात तुटलेल्या हाडांत केली होती. आता भिंगाखाली दोन्ही टोकांच्या कडा बोथट झालेल्या दिसल्या आणि त्यांच्या भोवती खरखरीत, सच्छिद्र अशा नव्या हाडाचा पातळ थर दिसला. नुसत्या डोळ्यांना दिसेल इतके नवे हाड तयार व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, आणि ते काम फक्त जिवंत शरीर करते. शेजारचे रेडियस, म्हणजे अंगठ्याच्या बाजूचे हाड, अखंड होते. हातावर पडल्यास सहसा रेडियस मोडते. एकटी अल्ना मधोमध मोडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे थेट बसलेला फटका, बहुतेकदा तोंडासमोर आडव्या धरलेल्या हातावर.

मी अधिकाऱ्यांना बोलावून भिंग त्यांच्या हाती दिले. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"म्हणजे हात मोडला तेव्हा त्या जिवंत होत्या?"

"होत्या. आणि त्यानंतर निदान आठवडाभर तरी जगल्या. हाड जुळायला लागलं होतं."

त्यांनी खिशातील डायरी काढली आणि हरवलेल्या स्त्रियांच्या नोंदींसोबत आसपासच्या दवाखान्यांतील एक्स-रेच्या नोंदीही मागवण्यासाठी तिथूनच ठाण्यात फोन लावला.