मलाक्का एका दिवसात

बेळगावहून क्वालालंपूरला जाणाऱ्यांनी एक दिवस मलेशियातल्याच मलाक्का शहरासाठी काढाच. क्वालालंपूरहून बस साधारण २ तासांत पोचते. पोर्तुगीजांनी १५११ नंतर बांधलेल्या किल्ल्याचा एक दरवाजाच उरलाय. आपल्या भुईकोटासारखी तटबंदी शोधू नका. दरवाजामागची टेकडी सकाळीच चढा. खाली १७५३ चं लाल चर्च आहे.

दुपारी चेंडोल हवंच! किसलेला बर्फ, नारळाचं दूध, तांदळाच्या पिठाच्या हिरव्या शेवया, वर ताडगुळाचा काळसर पाक. आपल्या उसाच्या गुळाहून हा किंचित धुरकट लागतो. पाक तळाशी बसतो, आधी ढवळा. रेंगाळलात तर बर्फ वितळून सगळं पाणचट.

शाकाहाऱ्यांनो, लाक्सात (नूडल्सचं तिखट सूप) आंबवलेल्या जवळ्याचं वाटण असतं, नुसतं ‘चिकन नको’ सांगून भागत नाही. जाँकर स्ट्रीटचा रात्रबाजार शुक्रवार ते रविवार भरतो, वार बघूनच निघा.