तुम्ही विचारलंत म्हणून: क्रूझ एजंटकडनं काढावी का आपली आपण?

"काकू, एजंटकडनं क्रूझ काढली तर पैसे वाचतेत का? का आपलंच आपण मोबाइलवर काढावं?" लातुरात हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, भिशीत, पेन्शनरांच्या बैठकीत, कुठंही विचारला जातो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून नात्यातल्या आणि शेजारपाजारच्या मंडळींची सहलीची कोटेशनं वाचून द्यायचं काम माझ्याकडं आलंय, आणि मला ते मनापासून आवडतं. आयुष्यभर साठवलेला पैसा माणसं पहिल्यांदा स्वतःच्या आनंदासाठी काढत असतात. तो नीट खर्च व्हावा असं मला फार वाटतं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

जहाजाच्या भाड्यात एजंट सहसा काही वाचवून देत नाही. जहाजापर्यंत पोचणं, व्हिसा, कॅबिन, बुकिंग रद्द करणं या बाकीच्या खर्चात जाणता एजंट बरंच वाचवतो आणि नवखा एजंट बरंच घालवतो.

आडत बाजार पाहिलेल्या माणसाला पहिली गोष्ट लगेच कळेल. क्रूझ कंपनी एजंटाला जी आडत, म्हणजे कमिशन, देते, ती तुमच्या भाड्यातच आधीपासून धरलेली असते. तुम्ही कंपनीच्या वेबसाइटवर थेट गेलात, तर ती रक्कम तुम्हाला सुटत नाही, कंपनीच्या खिशात राहते. म्हणून बहुतेक वेळा वेबसाइटचा भाव आणि एजंटाचा भाव एकच दिसतो. "मधला माणूस काढला की स्वस्त" हा आपला नेहमीचा हिशेब इथं लागू पडत नाही.

आता ही आडत किती? साधारण दहा ते पंधरा टक्के, आणि तीही पूर्ण रकमेवर नाही. बंदराचे चार्जेस आणि कर यांवर एजंटाला काही मिळत नाही. समजा माणशी 600 डॉलरचं बुकिंग आहे आणि त्यातले 150 डॉलर कर नि बंदराचे आहेत. उरलेल्या 450 वर 12 टक्के धरले तर एजंटाच्या हाती 54 डॉलर येतात. त्यातून त्याला ऑफिसचं भाडं, पोरांचे पगार, फोन सगळं भागवायचं. चांगला एजंट त्यातले दहा-वीस डॉलर सोडेल, किंवा जहाजावर खर्चायला तेवढं क्रेडिट देईल. पण कुणी "फक्त तुमच्यासाठी तीस टक्के कमी" म्हणालं, तर ते त्याच्या आडतीतून येऊच शकत नाही. एक तर ती कंपनीचीच सवलत असते, जी वेबसाइटवरही दिसेल. नाही तर कोटेशनमध्ये दुसरीकडं कुठंतरी ती वसूल केलेली असते.

ती कुठं वसूल होते ते बघायचं असेल तर परदेशी क्रूझच्या कोटेशनची शेवटची ओळ वाचा. तिथं बारीक अक्षरात आरओई लिहिलेलं असतं, म्हणजे पैसे भरायच्या दिवशीचा डॉलरचा दर. हा दर रिझर्व्ह बँकेचा नसतो, एजंट ठरवतो. बाजारभावापेक्षा दोन रुपये जास्त लावले तर 2400 डॉलरच्या बुकिंगवर 4800 रुपये गेले, आणि कुणाला कळतही नाही. मी कोटेशन हातात घेतलं की पहिलं बोट तिथं ठेवते आणि त्या दिवशीचा बँकेचा दर शेजारी पेन्सिलीनं लिहिते. अर्थात थेट वेबसाइटवर कार्ड घासलं तरी बँक फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनावरचा वाढीव आकार, लावतेच. अनेक कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो, वर त्यावर जीएसटी. म्हणजे तुलना करायची तर एजंटाचा दर आणि कार्डाचा पूर्ण आकार, अशी करायची. नुसता गुगलवरचा डॉलर बघून एजंटाला चोर म्हणू नये.

दुसरी ओळ ग्रॅच्युइटीची, म्हणजे जहाजावरच्या सेवकवर्गासाठी बिलात आपोआप लागणारी बक्षिसी. ती दर माणशी दर रात्री लागते. 16 डॉलर धरले तरी चौघांचे चार रात्रींचे 256 डॉलर होतात. कोटेशनमध्ये ती धरलेली नसेल तर भाडं स्वस्त दिसतं आणि शेवटच्या दिवशी जहाजावर बिल येतं. दोन एजंटांच्या भावात फरक दिसला की बहुतेक वेळा तो इथलाच असतो.

आणि टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं पैसे घेतानाच गोळा केलेला आयकर. याच्याबद्दल मला आपल्या भागातल्या शेतकरी कुटुंबांना कळकळीनं सांगायचंय. 1 ऑक्टोबर 2020 पासून परदेशी टूर पॅकेजवर हा कर आधीच कापून घेतला जातो. तो एजंटाचा नफा नाही, तुमच्या पॅनवर सरकारजमा होतो आणि रिटर्न भरलं की हिशेबात धरला जातो किंवा परत मिळतो. पण ज्यांचं उत्पन्न फक्त शेतीचं आहे, ते सहसा रिटर्न भरत नाहीत. मग हजारो रुपये तसेच पडून राहतात. औशाकडच्या एका घरी मी हेच बघितलं. दोघा म्हाताऱ्यांच्या नावावर टीसीएस जमा, आणि कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं की रिटर्न भरल्याशिवाय तो यायचा नाही. भाडं दोन हजारानं कमी करून घ्यायला घरच्यांनी आठवडाभर घासाघीस केली होती. त्याच्या कितीतरी पट रक्कम इथं अडकली होती. एजंटानं टीसीएसचं प्रमाणपत्र द्यायलाच पाहिजे. ते मागून घ्या आणि त्या वर्षीचं रिटर्न भरा.

मुंबई-गोवा, मुंबई-लक्षद्वीप अशी देशातली क्रूझ असेल तर मी सरळ सांगते, आपली आपण काढा. कॉर्डेलिया कंपनीची क्रूझ 2021 पासून चालू आहे, भाव रुपयांत असतो आणि देशातल्या सफरीला व्हिसा लागत नाही, सरकारी ओळखपत्र चालतं. लातूरहून रात्रीच्या रेल्वेनं निघालं की सकाळी सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीनं जवळच. नांदेड-परभणीकडच्यांना देवगिरी एक्स्प्रेस आहे. गाडी उशिरा आली तर जहाज थांबत नाही, म्हणून जमलं तर आदल्या दिवशी पोचा आणि दादरला नातेवाइकाकडं राहा. यात एजंटानं वाचवावं असं फार काही नाही. पैसे वाचवायचे असतील तर तारीख बदला. शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ सोडून आठवड्याच्या मधल्या दिवसाची फेरी बघा, भावात चांगला फरक पडतो. भाव दोघांच्या कॅबिनवर माणशी सांगितलेला असतो, आणि त्याच कॅबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्याला कमी पडतं, हेही लक्षात ठेवा. एकटं जाणाऱ्याला मात्र कॅबिनचं जवळपास दुप्पट द्यावं लागतं. विधवा, एकट्या बायकांना मी नेहमी जोडीदारीण शोधूनच पाठवते.

सिंगापूरहून निघणारी क्रूझ आली की माझं मत बदलतं. सिंगापूरचा व्हिसा आपल्याला तसाही सहसा अधिकृत व्हिसा एजंटमार्फतच काढावा लागतो. आणि विमान कुठून घ्यायचं हा प्रश्न आहे. पुण्या-मुंबईचा एजंट डोळे झाकून मुंबईचं तिकीट काढतो. पण उदगीर, देगलूर, नांदेड, निलंगा या पट्ट्यातल्या माणसाला हैदराबाद जवळ पडतं, तिथून सिंगापूरला थेट विमानं आहेत. सहा जणांच्या कुटुंबाला मुंबईपर्यंत नेणं, एक रात्र हॉटेल, विमानतळापर्यंतच्या दोन टॅक्सी, हा सगळा खर्च हैदराबादनं टळतो. ज्याला हैदराबादला जाणारा बिदरचा रस्ता माहीत आहे तो एजंट इथं खरा उपयोगी. त्यानं जहाज सुटायच्या आदल्या दिवशीचं विमान काढलं की नाही, एवढं मात्र तपासा. त्याच दिवशीचं तिकीट दोन-तीन हजारानं स्वस्त मिळतं, पण विमान लांबलं तर अख्खी क्रूझ बुडते.

आमच्या गल्लीतल्या आत्याबाईंचं बुकिंग होत होतं तेव्हा मी गांधी चौकाजवळच्या एका एजंटाच्या टेबलाशी बसले होते. गुडघ्यांचा त्रास, चातुर्मास पाळणाऱ्या, कांदा-लसूण वर्ज्य. मुलानं वेबसाइटवर सगळ्यात स्वस्त प्रकार हेरून ठेवला होता, त्याला गॅरंटी कॅबिन म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण कॅबिन कुठली मिळणार ते कंपनी ठरवते, तुम्ही नाही. एजंटानं मुलाला संगणकाकडं वळवलं, जहाजाचा डेक-प्लॅन उघडला आणि बोटानं दाखवलं: ही लिफ्ट, हे जेवणाचं दालन, आणि गॅरंटीमध्ये तुम्हाला इथं टोकालाही टाकू शकतात. आईला दिवसातून तीनदा एवढं चालवणार का? मग खालच्या मजल्यावरची, मधोमध, लिफ्टपासून चार दारं सोडून अशी कॅबिन धरली. मधली आणि खालची जागा कमी हलते, त्यामुळं मळमळही कमी. थोडे पैसे जास्त गेले. जैन जेवणाची विनंती बुकिंगमध्येच टाकली, कारण परदेशी जहाजावर ऐन वेळी सांगून भागत नाही. आत्याबाई समुद्र बघून आल्या आणि गुडघ्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. हे पैसे वाचले म्हणायचे की जास्त गेले? माझ्या हिशेबानं वाचले, कारण स्वस्तातल्या कॅबिनमध्ये त्या चार दिवस बसून राहिल्या असत्या.

ग्रुप असेल तर मात्र भाड्यातही खरोखर वाचतं. बऱ्याच क्रूझ कंपन्यांत आठ कॅबिन, म्हणजे सोळा माणसं झाली की ग्रुपचा भाव लागतो आणि एका माणसाचं भाडं माफ होतं. ते माफ झालेलं भाडं कुणाच्या खात्यात गेलं हे विचारायचं. ते सगळ्यांत वाटून घेता येतं. डॉक्टरांची, निवृत्त शिक्षकांची, देवस्थानच्या मंडळींची मोठी टोळी निघते तेव्हा एजंटाशी बोलायची हीच एक जागा आहे, आणि नेमकं इथं कुणी तोंड उघडत नाही.

"पोरगा अमेरिकेत आहे, तोच तिकडनं काढून देतो," असंही पुष्कळजण सांगतात. काढू द्या. तिकडचे एजंट जहाजावरचं क्रेडिट सढळ हातानं देतात. पण तिथल्या रहिवाशांसाठीचा खास भाव असेल तर तो आईवडिलांना लागू नाही, बोर्डिंगला पत्ता तपासला जाऊ शकतो. आणि अलास्काची क्रूझ असेल तर आधी व्हिसा. जहाज सिएटलहून निघालं तरी ते कॅनडाच्या बंदराला टेकतं, कारण अमेरिकेच्या 1886 च्या कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. मुलाच्या अमेरिकन पासपोर्टला अडचण नसते, म्हणून त्याच्या ते डोक्यातच येत नाही. आपल्या भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो. तो नसेल तर धक्क्यावरूनच परत पाठवतात आणि भाडं परत मिळत नाही. या एका प्रश्नाचं उत्तर जो एजंट न चाचरता देतो, त्याच्याकडंच अलास्का काढावी.

आणखी एक गोष्ट बुकिंगआधी समजून घ्या. एजंटामार्फत काढलेलं बुकिंग त्याच्या ताब्यात असतं. तारीख बदलायची, नाव दुरुस्त करायचं, रद्द करायचं, कंपनीला फोन केला तर "तुमच्या एजंटाशी बोला" एवढंच उत्तर मिळतं. म्हणून रात्री फोन उचलणारा माणूस हवा. रद्द करायचे टप्पेही त्याच्याकडून लेखी घ्या. तारीख जवळ येईल तसा कापला जाणारा हिस्सा वाढत जातो, आणि त्याशिवाय एजंट स्वतःचा आकार वेगळा लावू शकतो. आपल्याकडं घरात कुणी आजारी पडलं की सगळं कुटुंब बुकिंग रद्द करतं, तेव्हा हा आकडा भाड्यातल्या सवलतीपेक्षा महत्त्वाचा ठरतो.

कंपनीच बुडाली तर काय, असंही विचारतात. बुडतात. मुंबईहून निघणारी जलेश क्रूझ 2019 ला सुरू झाली आणि 2020 ला बंद पडली. अशा वेळी चांगला एजंटसुद्धा पैसे परत आणू शकेलच असं नाही. क्रेडिट कार्डानं भरलेले असतील तर बँकेकडं निदान वाद दाखल करता येतो. रोख दिलेले असतील तर तेही नाही. म्हणून आगाऊ रक्कम कार्डानं किंवा एजन्सीच्या नावाच्या खात्यात भरा, कुणा पोराच्या यूपीआयवर नाही, आणि जीएसटी क्रमांक असलेली पावती घ्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे एजंट पुण्याचा असो की मुंबईचा, लातूरच्या माणसाला लातुरातच दाद मागता येते, आणि त्यासाठी ती पावती हातात लागते.