अळूच्या पानावरचा थेंब

शिकागोजवळच्या या घरात आलो, त्या पहिल्याच शनिवारी मी बादलीत पाणी आणि दोन टोपणं फिनेल घेऊन बसले. नवरा ओरडला, "अगं, लाकूड आहे ते!" ओकच्या सव्वादोन इंची पट्ट्या. मला त्यांचं अप्रूप होतं, पण जमीन पुसायची म्हणजे पाणी हवंच. शहाबादीवर आयुष्य गेलं की दुसरं सुचत नाही.

लाकडाला पाणी म्हणजे दुखणं. ते फटींतून आत मुरतं, पट्टी खालून फुगते, कडा वर येतात आणि मधोमध पन्हळ पडते. म्हणून इथे खरं काम कोरडंच. मऊ फूलझाडू, नाहीतर फिरता ब्रश बंद ठेवून व्हॅक्यूम. बुटांतून आलेली रेती आधी निघाली पाहिजे, तीच पॉलिशवर ओरखडे काढते. दिवाळीतली रांगोळीही त्यातलीच, ती आता पाटावर काढते. मग फडकं घट्ट पिळून, लाकडाच्या रेषेच्या दिशेने पुसायचं. व्हिनेगर सुचवणारे पुष्कळ भेटतात. मी वापरत नाही, त्या आम्लाने चकाकी हळूहळू मरते. वाफेचा मॉप तर नकोच.

मे महिन्यात आई आली. उकिडवी बसून पुसायला लागली.

"आई, पीळ ना अजून."

"एवढं कोरडं पुसायचं तर पुसायचं कशाला?"

तिला पटावं म्हणून मी खिडकीपाशी पाण्याचा एक थेंब टाकला. अळूच्या पानावर राहावा तसा टपोरा राहिला. तिथलं पॉलिश शाबूत. मोरीपाशी, म्हणजे सिंकपाशी, टाकला तो दोन मिनिटांत आत गेला आणि खाली गडद ठिपका उरला. "इथलं गेलंय," आई म्हणाली. त्यानंतर तिचं फडकं आपोआप कोरडं झालं.

त्याच आठवड्यात आम्ही तुळस बाहेर काढली. थंडीत ती घरातच असते, लोखंडी तिवईवर. खाली काळंकुट्ट कडं! मी बुरशी म्हणून घासत बसले. आई वाकून म्हणाली, "हे लोखंडाचं आहे. हिरड्याच्या पाण्यात गंजका खिळा टाकला की असंच काळं होतं, शाई करायचे त्याची." खरंच होतं. ओकमध्येही हिरड्यासारखंच टॅनिन असतं. लोखंड आणि पाणी भेटलं की काळं. ऑक्झॅलिक ॲसिडने ते उतरतं, पण आधी वरचं पॉलिश घासून काढावं लागतं आणि नंतर नव्याने चढवावं लागतं. तेवढा उत्साह माझ्यात नाही.

ऑक्टोबरात तुळस आत आली ती त्याच डागावर. तिवई गॅरेजमध्ये गेली. कुंडीखाली आता स्टीलची परात आहे, आणि परातीच्या बुडाला आईने जाताना चिकटवून दिलेले फेल्टचे चार तुकडे.