भूकंपाआधीचं कच्छ पडद्यावर शोधताना

नंदुरबारच्या माणसाला सुरत परकी नाही. उधना, लिंबायतच्या गल्ल्यांतून फिरलं की अर्धा खानदेश तिथंच नांदतोय असं वाटतं, भाजीवालीसुद्धा अहिराणीत भाव सांगते. त्यामुळे कच्छला जायचं ठरलं तेव्हा प्रवासाची काळजी नव्हती. ताप्ती लाइनच्या गाडीनं सुरत, तिथं आत्याकडे जेवण, आणि रात्री मुंबईहून येणारी भुजची गाडी. पिशवीत दशम्या आणि लसणाची चटणी, आणि सोबत माझे मामा.

मामांबद्दल आधी सांगायला हवं, कारण ही सहल त्यांच्या डोळ्यांनी झाली. तरुणपणी ते एका टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. सारंगखेड्याची दत्ताची जत्रा, अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा, आणि मधली बाजाराची गावं, असा त्यांचा तंबू फिरायचा. बाया एका बाजूला, बाप्ये दुसऱ्या बाजूला, मध्ये मशीन. मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या जळायच्या, त्यांच्यातलं अंतर सतत हातानं सांभाळावं लागायचं, म्हणून ऑपरेटरला जागचं हलता यायचं नाही. एकच सिनेमा रोज रात्री. चार रात्रींनंतर गोष्ट पाठ होते, गाणी पाठ होतात, मग माणूस काय बघणार? मामा म्हणतात, "हिरो-हिरवीन सगळाच देखतस. मी ते मांगनी भीत देखू." मागची भिंत, मागचा डोंगर, गर्दीतल्या बाईच्या डोक्यावरची घागर. ही सवय त्यांची अजून गेलेली नाही. घरी टीव्हीवर सिनेमा लागला की ते मध्येच विचारतात, हा वाडा कुठला गं?

‘लगान’ बघताना त्यांनी असंच विचारलं होतं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर शोधत आम्ही भुजला उतरलो.

भुजमध्ये पहिला मुक्काम प्राग महाल. राव प्रागमलजी दुसरे यांनी १८६५ मध्ये तो बांधायला घेतला, आराखडा कर्नल हेन्री सेंट विल्किन्स या इंग्रज अधिकाऱ्याचा, शैली इटालियन गॉथिक. टोकदार कमानी, कोरलेले खांब, आणि पन्नासेक मीटरच्या आतबाहेर उंचीचा घड्याळाचा मनोरा. कच्छच्या रणरणत्या उन्हात हा युरोपातला महाल उभा राहिलेला पाहून आधी डोळ्यांना पटत नाही. ‘लगान’ आणि ‘हम दिल दे चुके सनम’ या दोन्ही सिनेमांतले काही प्रसंग इथं चित्रित झाले. त्याला चिकटूनच अठराव्या शतकातला आईना महाल आहे, राव लखपतजींच्या काळातला. तो सजवला रामसिंह मालम या कारागिरानं. हा माणूस समुद्रमार्गे हॉलंडला पोचला, तिथं काच, मीनाकारी, घड्याळं शिकला आणि परत येऊन राजासाठी आरशांचा महाल केला. त्याच्यावर कुणी सिनेमा काढला तर मी पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत बसेन.

पण या दोन्ही महालांत फिरताना सगळ्यात जास्त बोलतात त्या भेगा. २६ जानेवारी २००१, सकाळी पावणेनऊच्या सुमारास, झेंडावंदनाची वेळ. ७.७ तीव्रतेचा भूकंप. हजारो माणसं गेली, भुज, भचाऊ, अंजार ही गावं ढिगाऱ्यांत बदलली. प्राग महालाला मोठा तडाखा बसला, आईना महालाचा बराच भाग कोसळला. नंतर दुरुस्ती झाली, मनोऱ्याचं घड्याळही सावरलं, पण जुनं आणि नवं बांधकाम जिथं जुळवलंय तिथं नजर आपोआप अडकते.

आता तारखा जुळवून बघा. ‘लगान’चं चित्रीकरण २००० साली झालं. भूकंप २००१ च्या जानेवारीत. सिनेमा लागला जून २००१ मध्ये. म्हणजे आपण सगळ्यांनी थिएटरात शिट्ट्या वाजवत जो कच्छ पाहिला, तो तेव्हा तसा उरलेलाच नव्हता. पडद्यावर क्रिकेटची मॅच बघायला हजारोंनी लोक जमलेत, ते बहुतेक आसपासच्याच गावांतले. त्यांच्यातल्या कितीजणांची घरं सहा-सात महिन्यांत पडली असतील, कितीजण स्वतः राहिले नसतील. हे मला मनोऱ्याच्या जिन्यात उभी असताना उमगलं आणि पुढचे दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. मामांना सांगितलं तर ते बराच वेळ भिंतीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "हाई भीत आते ऱ्हायनी नही, पन रीळमा शे."

मला वाटतं, सिनेमाच्या जागा बघायला जाण्याचं खरं कारण हेच असायला हवं. नट कुठं उभा होता त्या जागी उभं राहून फोटो काढण्यात मला गोडी नाही. कॅमेऱ्यानं गोष्ट सांगता सांगता मागे जे टिपून ठेवलं, ते आज किती उरलंय आणि किती गेलंय, हे जागेवर जाऊन जुळवता येतं. भुजियो डुंगराच्या उतारावर २०२२ मध्ये स्मृतिवन उघडलं, तिथं मृतांची नावं कोरलेली आहेत. कच्छला जाणाऱ्यानं महालाच्या आधी किंवा नंतर, पण तिथं जावंच.

भुजहून उत्तरेला खावड्याच्या रस्त्याला लागलं की कुनरिया गाव. ‘लगान’चं चांपानेर इथल्या परिसरात उभारलं होतं. (खरं चांपानेर पावागडाच्या पायथ्याशी, पंचमहालात, इथून कितीतरी लांब.) सिनेमाचं गाव आता नाही, माळ आहे, बाभळी आहेत, वारा आहे. ते गाव उभं केलं नितीन चंद्रकांत देसाई यांनी, आणि त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर, कपडे भानू अथैया यांचे, त्यांनाही याच सिनेमासाठी राष्ट्रीय पुरस्कार. कच्छच्या मातीवर इतक्या मराठी हातांनी काम केलंय याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आणि देसाईंनी नुसता देखावा उभा केला नाही, इथल्या घरांची ठेवण उचलली. इथल्या गोल घराला भुंगा म्हणतात: मातीची गोल भिंत, वर निमुळतं गवती छप्पर. भूकंपात चौकोनी, जड छपरांची घरं कोसळली, आणि नीट बांधलेले भुंगे पुष्कळ ठिकाणी उभे राहिले, कारण गोल भिंतीत धक्का सगळीकडे वाटला जातो, एका कोपऱ्यावर येत नाही. खावड्याच्या बाजूला एका घरी आम्ही आत जाऊन बसलो. भिंतीवर मातीत आरसे बसवलेलं लिंपणकाम, बाहेर भट्टी पेटल्यासारखं ऊन, आणि आत गारवा. त्या घरच्या आजीबाई कच्छीत बोलत होत्या, मामा अहिराणीत, आणि गुजरातीचे चार शब्द दोघांना पुरले. याच रस्त्यावर कर्कवृत्त ओलांडल्याची पाटी लागते. तिच्यापुढं उष्ण कटिबंध संपतो.

मग दक्षिणेला, समुद्राकडे. मांडवी.

मांडवीला पोचेपर्यंत मी कच्छ म्हणजे रण एवढंच धरून चालले होते, कारण जाहिरातींत तेवढंच दिसतं. मांडवी हे बंदर आहे, राव खेंगारजी पहिले यांनी सोळाव्या शतकात वसवलेलं, रुक्मावती नदीच्या मुखाशी. इथली जहाजं आफ्रिकेपर्यंत, अरबस्तानापर्यंत जायची. नदीकाठी आजही लाकडी जहाजं बांधतात. रस्त्यावरून जाताना अचानक डाव्या हाताला तीन मजली घराएवढा लाकडी सांगाडा दिसतो आणि रिक्षा थांबवावीच लागते. खालून बघितलं तर फासळ्या मोजता येतात. सुतार वर परातीएवढ्या जागेत बसून हातोड्यानं लांबच लांब खिळे ठोकत होते, फटींत कापूस ठासत होते. आमच्या तापीवर ज्यांनी फक्त होडी आणि तराफा पाहिलाय त्यांना हे जहाज काठावर बघणं म्हणजे काय, हे शब्दांत सांगणं अवघड आहे. मी तिथं दुपार घालवली. मामा एका मिस्त्रीशी लाकडाच्या सांध्यांवरून बोलत बसले. दोघांची हत्यारं वेगळी, पण दोघंही आयुष्यभर हातानं काम केलेले.

गावाबाहेर विजय विलास महाल. राव खेंगारजी तिसरे यांनी युवराज विजयराजींसाठी १९२० च्या दशकात बांधला, तांबड्या वालुकाश्माचा, छत्र्या, जाळ्या, झरोके, मध्यभागी घुमट. ‘हम दिल दे चुके सनम’मधल्या हवेलीची ओळख पटायला वेळ लागत नाही. गंमत म्हणजे त्या सिनेमात पुढं जी इटली दिसते ती हंगेरीतल्या बुडापेस्टची आहे, पण मांडवीचा महाल मात्र खराखुरा मांडवीचा. गच्चीवर गेलं की झाडांच्या पलीकडे समुद्र दिसतो. सिनेमात हा वाडा मला कोरड्या मुलखातला वाटला होता. गच्चीवरच्या वाऱ्यात मिठाचा वास आहे, तो पडद्यावर कसा येणार? मामा जाळीतून पडणारी उन्हाची नक्षी बघत बसले आणि म्हणाले की हे ऊन दिवसात दोनदाच असं पडतं, कॅमेरावाल्यानं ते थांबून घेतलं असणार.

मांडवीला गेलात आणि श्यामजी कृष्ण वर्मांचं क्रांतितीर्थ पाहिलं नाहीत असं करू नका. त्यांचा जन्म इथलाच, १८५७ चा. लंडनमध्ये त्यांनी इंडिया हाउस काढलं, आणि सावरकरांना विलायतेला जायला जी शिवाजी शिष्यवृत्ती मिळाली ती यांच्यामार्फत, टिळकांच्या शिफारशीवर. त्यांच्या अस्थी जिनिव्हात होत्या, त्या २००३ मध्ये भारतात आणल्या. क्रांतितीर्थात इंडिया हाउसची हुबेहूब इमारत उभी केली आहे, विटांची, लंडनच्या थाटाची.

शेवटी लखपत. भुजहून पश्चिमेला सव्वाशे किलोमीटरच्या पुढं, वाटेत गावं विरळ होत जातात. सात किलोमीटरचा तट आहे, १८०१ मध्ये जमादार फतेह महंमदानं बांधलेला, आणि आत जवळजवळ काहीच नाही. एकेकाळी इथं सिंधूच्या एका फाट्याचं पाणी यायचं, व्यापार एवढा की रोज लाख कोरींची (कोरी म्हणजे कच्छ संस्थानाचं नाणं) उलाढाल व्हायची असं सांगतात. १६ जून १८१९ ला भूकंप झाला, उत्तरेला जमीन उचलली जाऊन कित्येक मैलांचा बांध तयार झाला, लोक त्याला अल्लाबंद म्हणतात. पाण्यानं वाट बदलली. बंदर सुकलं, माणसं गेली. जे. पी. दत्तांच्या ‘रेफ्युजी’त (२०००) हाच किल्ला सरहद्दीपलीकडची चौकी म्हणून दिसतो. तटावर उभं राहिलं की समोर ओल्या मिठाची पांढुरकी सपाटी, आणि खाली एक जुना गुरुद्वारा, गुरू नानकांच्या लाकडी पादुका जपलेला. जाणकार हातांनी केलेल्या त्याच्या डागडुजीला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला आहे. लंगरात चहा मिळाला, तोही आग्रहानं.

लखपतच्या त्या तटावरच मामांनी थाळनेरचा विषय काढला.

शिरपूर तालुक्यातलं थाळनेर, तापीच्या काठावर. १३७० मध्ये फिरोजशहा तुघलकानं हा मुलूख मलिक राजाला दिला आणि फारुकी घराणं इथून सुरू झालं, १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेईपर्यंत टिकलं. त्यांचे घुमट गावात आहेत, दगडावरची नक्षी अजून बोटांना लागते. १८१८ च्या फेब्रुवारीत हिस्लॉपच्या इंग्रजी फौजेनं हा किल्ला घेतला, आतली शिबंदी कापली आणि किल्लेदाराला फासावर दिलं. एवढा इतिहास, आणि किल्ल्याचा तट नदीच्या बाजूनं ढासळतोय. धुळ्याजवळचं लळिंग घ्या: फारुकींचाच किल्ला, पायथ्याच्या कुरणात लांडोर बंगला, जिथं १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्कामी होते. अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ काढणारी आपली पोरं असल्या जागी जातात, मेहनत घेतात, आणि त्यांचं मला फार कौतुक आहे. फक्त माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. नाच घ्या, पण त्यानंतर एकदा कॅमेरा भिंतीवर लावून ठेवा. बुरूज पूर्ण घ्या, दरवाजाची चौकट घ्या, आणि फाइल जपून ठेवा. कच्छचा पडण्याआधीचा चेहरा निदान एका मोठ्या सिनेमात राहिला. थाळनेरवर मोठा सिनेमा यायची वाट बघत बसलो तर तापी थांबणार नाही.

माझा धाकटा भाऊ लग्नांची शूटिंग करतो. घुमट पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, ड्रोन आणि ट्रायपॉडला परवानगी लागते, तर आम्ही अर्ज लिहायला घेतला आहे. मामांनी शॉटची यादी वहीच्या पानावर काढून दिली. पहिला शॉट नदीच्या बाजूनं ढासळणारा तट, सकाळच्या तिरप्या उन्हात, कॅमेरा न हलवता पूर्ण दोन मिनिटं. भाऊ म्हणाला, दोन मिनिटं कोण बघणार? मामांनी यादीत त्या आकड्याखाली रेघ मारली.