एस्परांतोतला 'ने' आणि 'चू'

आजची नोंद या दोनच शब्दांची. 1887 साली झामेनहोफ यांनी एस्परांतो ही स्वतः घडवलेली भाषा लोकांपुढे ठेवली, तेव्हापासून क्रियापद नाकारायला तिच्यात एवढा एक 'ने'. आपल्याकडे नाही, नाहीस, नाहीत, वर नको आणि नये. इथे 'मी ने वेनास' म्हणजे मी येत नाही ('मी' योगायोगाने आपलाच) आणि 'ने वेनू' म्हणजे येऊ नको. 'ने' बदलत नाही, पण त्याची जागा अर्थ फिरवते. 'मी ने पोवास ईरी': मला जाता येत नाही. 'मी पोवास ने ईरी': मी नाही गेलो तरी चालेल. 'ने मी वेनिस': आला तो मी नव्हे, दुसरा कुणी.

खरी ठेच लागते ती 'नेनिऊ'पाशी. 'कोणीच आलं नाही' मनात ठेवून 'नेनिऊ ने वेनिस' म्हटलं, की अर्थ होतो सगळे आले! आपल्या 'कोणीच'मध्ये नकार नसतो, 'नेनिऊ'मध्ये तो आधीच मुरलेला असतो. म्हणून नुसतं 'नेनिऊ वेनिस'. कधीच नाही या अर्थाच्या 'नेनिआम'लाही हेच लागू. व्याकरणाच्या मूळ सोळा नियमांतला बारावा नियम हाच. गंमत म्हणजे प्रश्न विचारायचा 'चू' आला पोलिशच्या 'चि'वरून, पण पोलिशमध्ये हटकून लागणारा दुहेरी नकार झामेनहोफ यांनी घेतला नाही. बरंच केलं.

प्रश्नासाठी वाक्य उलटसुलट करायचं नाही, पुढे 'चू' लावायचा: 'वी वेनिस', 'चू वी वेनिस?' मराठीतला 'का' दोन कामं करतो, तिथे जपावं. 'आलास का?' असेल तर 'चू', 'का आलास?' असेल तर 'किआल वी वेनिस?' किआल (का), किए (कुठे), किऊ (कोण) असे शब्द आले की 'चू' गळतो. दोन्ही एकत्र घातले की वाक्य बिघडतं. 'तो येईल की नाही, माहीत नाही' यातही तोच 'चू', फक्त मध्ये: 'मी ने स्त्सिआस, चू ली वेनोस'. 'की नाही'साठी वेगळं काही लागत नाही.

नकारार्थी प्रश्न मात्र निसरडा. 'चू वी ने वेनिस?' याला आपण सवयीने 'हो, नाही आलो' म्हणणार. पण नुसत्या 'येस'चा अर्थ कुणी 'आलो' असा घेतं, कुणी 'नाही आलो' असा, कारण बोलणारे आपापल्या भाषेची सवय घेऊन येतात. तेव्हा एका शब्दात उत्तर नको. आला असाल तर 'येस, मी वेनिस', नसाल तर 'ने, मी ने वेनिस'.